आय३८६ काढून टाकायचं की सोर्समध्ये आवरायचं?

टर्मिनलकर:
अ‍ॅप्ट अपडेट (डेबियन-उबुंटूवर पॅकेजांच्या याद्या ताज्या करणारी कमांड) मारलं की ‘हा रेपो आय३८६ला सपोर्ट करत नाही’ असं येतं; रेपो म्हणजे पॅकेजं देणारा सर्व्हर, आय३८६ म्हणजे ३२ बिट इंटेल आर्किटेक्चर. यावर दर आठवड्याला कोणीतरी मदत मागतं. माझं मत स्पष्ट आहे: ६४ बिट मशीनवर आय३८६ ठेवूच नये. डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या ‘प्रिंट-फॉरेन-आर्किटेक्चर्स’ने जोडलेली जादा आर्किटेक्चर्स पाहा आणि ‘रिमूव्ह-आर्किटेक्चर’ने काढा. लिनक्ससाठी ३२ बिट क्रोम २०१६ लाच बंद झालं, डेबियन १३ ला आय३८६चा इन्स्टॉलरही नाही.

वाइनप्रेमी:
अजिबात पटत नाही. त्या ओळीच्या सुरुवातीला ‘एन’ (नोटीस) असतो, ‘ई’ (एरर) नाही. ती सूचना आहे, अपडेट कुठेही अडत नाही. आणि ३२ बिट पॅकेजं बसलेली असतील तर डीपीकेजी आर्किटेक्चर काढायला साफ नकार देतं. मग लोक कुठूनतरी उचललेली पर्जची (पॅकेजं मुळापासून पुसणारी) कमांड चालवतात आणि स्टीम (गेमचं दुकान), वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन), जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर एका फटक्यात उडतो. २०१९ मध्ये उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने १९.१० आवृत्तीतून आय३८६ काढायचं जाहीर केलं, तेव्हा त्या आवृत्तीवर स्टीमला अधिकृत सपोर्ट देणार नाही असं स्टीमवाल्या व्हॉल्व्हकडून आलं. काही दिवसांतच निवडक ३२ बिट पॅकेजं ठेवायचं ठरलं. गरज खरी आहे हो! सोर्सच्या यादीतल्या रेपोच्या ओळीत ‘डेब’नंतर चौकटी कंसात ‘आर्च=एएमडी६४’ (म्हणजे फक्त ६४ बिट) लिहा. नव्या पद्धतीच्या सोर्सेस फाइलमध्ये ‘आर्किटेक्चर्स: एएमडी६४’. सूचना गेली.

टर्मिनलकर:
सूचना जाईल, पण आवृत्त्यांचं काय? लिबसी६सारखी (मूळ सी लायब्ररी) लायब्ररी दोन्ही आर्किटेक्चरला तंतोतंत एकाच आवृत्तीची लागते. बाहेरच्या रेपोने नवी आवृत्ती फक्त एएमडी६४साठी दिली की ‘अनमेट डिपेंडन्सीज’ (लागणारी पॅकेजं जुळत नाहीत) आलंच. हा खराखुरा एरर आहे.

वाइनप्रेमी:
बरोबर, पण तिथे दोष त्या रेपोचा. ‘अ‍ॅप्ट पॉलिसी’ दोन्हींसाठी चालवा, कोणती आवृत्ती कुठून आली ते समोर दिसतं. बाहेरची लायब्ररी डिस्ट्रोच्या आवृत्तीवर परत आणा, जोडी जुळते.

क्रॉसकंपायलर:
तुम्ही दोघं आय३८६वरच अडलात. रास्पबेरी पायसाठी बिल्ड करायला उबुंटू २४.०४ वर आर्म६४ (पायच्या प्रोसेसरचं ६४ बिट आर्किटेक्चर) जोडा आणि अपडेट मारा: सरळ ‘ई’, ४०४ (फाइल सापडली नाही). कारण मुख्य आर्काइव्हमध्ये एएमडी६४ आणि आय३८६च आहेत, आर्म६४ पोर्ट्सच्या (इतर आर्किटेक्चर्सच्या) वेगळ्या सर्व्हरवर. मुख्य नोंदीत ‘आर्किटेक्चर्स: एएमडी६४ आय३८६’ लिहायचं आणि पोर्ट्सची वेगळी नोंद फक्त आर्म६४साठी करायची. सिक्युरिटीची नोंद वेगळी असते, तिथेही हेच; बहुतेकांची तीच राहून जाते. इथे ‘काढून टाका’ म्हणणं म्हणजे कामच सोडून देणं.

टर्मिनलकर:
बिल्ड मशीनचं मान्य. सर्व्हरवर मात्र मी ठाम आहे. पॅकेजच्या यादीत ‘:आय३८६’ असलेलं एकही नाव नसेल तर आर्किटेक्चर ठेवायचं कारण काय?

वाइनप्रेमी:
काहीच नाही, तिथे काढा. पण यादी आधी पाहा, हे तुमच्या पहिल्या सल्ल्यात नव्हतं. नवख्या माणसाला ते पहिल्याच ओळीत सांगायला हवं.