मदत हवी आहे : टप्प्याटप्प्याच्या गणितांसाठी अनुकूली चाचणी कशी आखावी?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला स्थितिकी (स्थिर वस्तूंवरील बलांचा अभ्यास) शिकवताना, प्रत्येक उत्तरानंतर विद्यार्थ्याच्या क्षमतेचा नवा अंदाज बांधून त्याला साजेशा काठिण्यपातळीचा पुढचा प्रश्न निवडणारी अनुकूली चाचणी वापरण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. प्रश्नपेढीत सुमारे 200 प्रश्न आहेत आणि दरवर्षी साधारण 60 विद्यार्थी ती सोडवतात.

अडचण अशी की फ्री बॉडी डायग्राम (वस्तूवरील सर्व बले दाखवणारी आकृती) अचूक काढून, समतोलाची समीकरणेही बरोबर मांडून केवळ शेवटच्या आकडेमोडीत चुकणारा विद्यार्थी आणि आधाराची प्रतिक्रियाच (आधार वस्तूवर लावतो ते बल) विसरणारा विद्यार्थी सॉफ्टवेअरला सारखेच दिसतात. दोघांनाही पुढे सोपा प्रश्न मिळतो, जे पहिल्याच्या बाबतीत सरळसरळ अन्यायाचे आहे. प्रश्नाचे तुकडे करून पाहिले, पण मग पुढचा तुकडाच मागच्याचे उत्तर सुचवू लागला, शिवाय तुकडे एकमेकांवर अवलंबून राहिल्याने क्षमतेचा अंदाजही फसवा ठरतो.

टप्प्यांना अंशतः गुण देणारे संशोधक मास्टर्स यांचे 1982 चे प्रतिमान (सांख्यिकी मॉडेल) येथे कोणी वापरले आहे का? काठिण्य, भेदकता (प्रश्न जाणकार आणि कच्चे विद्यार्थी किती वेगळे करतो) आणि अंदाजपंचे उत्तराची शक्यता मोजणारे त्रिप्राचली प्रतिमान एवढ्या थोड्या विद्यार्थ्यांवर स्थिर होणार नाही, असे मला वाटते. तेव्हा प्रश्नाचे फक्त काठिण्य मोजणाऱ्या राश प्रतिमानावरच थांबावे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.