थंडी आली, कुंड्यांचं पाणी आवरा

फ्लॅट २०३: मोगऱ्याची पानं पिवळी पडून गळतायत. पाणी रोज न चुकता घालते. थंडी सुरू झाली म्हणून परवा खतही दिलं. कुणी सांगेल का काय करू?

फ्लॅट ५०१: अगं, खत थांबव आधी. आणि पाणीही रोज नको. दिवस लहान झाला, ऊन तिरपं झालं की झाडाची वाढ मंदावते, ते पाणी कमी ओढतं. मातीही लवकर सुकत नाही. उन्हाळ्याच्या मापाने पाणी घालत राहिलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. पान पिवळं पडलं की आपल्याला वाटतं झाड तहानलंय, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. हिवाळ्यात कुंडीतली झाडं थंडीपेक्षा यानेच जास्त दगावतात असं माझं ठाम मत आहे. आत्ता मातीत दोन पेरं बोट खुपस आणि कळव.

फ्लॅट २०३: बघितलं काकू. वरून कोरडी आहे, आत मात्र चिखल. ताटलीत पाणी साठलंय आणि कुबट वास येतोय.

फ्लॅट ५०१: ताटली लगेच रिकामी कर. तळाचं भोक बुजलं असेल, काडीने मोकळं कर. मग वाफसा येईपर्यंत, म्हणजे जास्तीचं पाणी निघून माती नुसती ओलसर उरेपर्यंत, थेंबभरही पाणी नको. माती मुठीत दाबली की गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोकला की तो फुटायला हवा. यापुढे पाणी सकाळीच घाल, पानं रात्री ओली राहता कामा नयेत.

फ्लॅट १०४: काकू, जास्वंद फार पसरलीय. थंडीआधी छाटून टाकू का?

फ्लॅट ५०१: नका छाटू. छाटलं की कोवळी फूट येते आणि गारठ्यात तीच आधी करपते. नत्राचं, म्हणजे पालवी वाढवणारं नायट्रोजनचं खत आत्ता नको म्हणते तेही यासाठीच. वाळकी, किडकी फांदी तेवढी काढा. थंडीने शेंडे काळे पडले तरी लगेच कापू नका. खालच्या फांदीला त्यांचा आडोसा असतो, कडाका सरला की मग कापा.

फ्लॅट ४०२: गच्चीवरच्या कुंड्यांवर मी थंडी संपेपर्यंत प्लास्टिक टाकून ठेवणार आहे. चालेल ना?

फ्लॅट ५०१: अहो नको. प्लास्टिक पानाला टेकतं तिथेच पान करपतं, आणि दिवसा आत दमट होऊन बुरशी धरते. जुनी चादर किंवा गोणपाट घ्या. काठ्या रोवून त्यावर टाका आणि कडा पार खाली टेकू द्या, कारण मातीतून वर येणारी ऊब अडवायची असते. सकाळी ऊन आलं की काढायचं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल ती रात्र सगळ्यात वाईट. ढगाळ रात्री एवढी भीती नसते.

फ्लॅट १०४: पण मी तर वाचलं की कडाक्याच्या आधी पाणी द्यावं. तुम्ही पाणी कमी करा म्हणताय.

फ्लॅट ५०१: दोन्ही खरं आहे. ओलसर माती दिवसाची ऊब ठणठणीत कोरड्या मातीपेक्षा जास्त धरते. म्हणून कुंडी कोरडी असेल तर आदल्या सकाळी पाणी द्या. आधीच ओली असेल तर हात लावू नका. पारा शून्याखाली जात असेल तर मातीची कुंडी चिखलासकट बाहेर ठेवूच नका, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि कुंडी तडकते.

फ्लॅट ४०२: मग कुंड्या भिंतीला लावून घेतो.

फ्लॅट ५०१: हो, दिवसभर ऊन खाल्लेली भिंत बघा आणि कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. कुंडीतली मुळं जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गारठतात. वर वाळक्या पाल्याचा चार बोटं थर द्या, फक्त खोडाला टेकू देऊ नका. रोगट पानं त्यात नकोत.

फ्लॅट २०३: मनीप्लँट घरात घेऊ का?

फ्लॅट ५०१: घे, १० अंशांच्या खाली त्याला सोसत नाही. आत आणण्याआधी पानं उलटून बघ. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण, ओल्या फडक्याने पुसून काढ आणि काही दिवस वेगळं ठेव. रविवारी सकाळी मी गच्चीवर आहे, मोगरा घेऊन ये, मुळं उघडून बघू.

फ्लॅट ४०२: मी गोणपाट आणि काठ्या आणतो.