विषय: आपत्तीच्या वेळी मंडळाने नेमकं काय करायचं?

प्रेषक: मंदार

मंडळी, नमस्कार.
बैठकीत ठरल्याप्रमाणे, आपण इथे परदेशात असलो तरी तिकडे मायदेशी येणाऱ्या आपत्तीसाठी व्हॉट्सॲपवर वेगळा गट काढतोय. पूर असो, भूकंप असो, ज्याला जे कळेल ते त्याने गटात टाकायचं आणि बाकीच्यांनी फेसबुक, एक्सवर (आधीचं ट्विटर) पुढे ढकलायचं. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचलं पाहिजे. कुणाची हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

प्रेषक: मेधा

मंदार, गट जरूर काढ. हरकत आहे ती पुढे ढकलण्याला. केरळच्या २०१८ च्या पुरात सुटका झालेल्या माणसांसाठीचे 'वाचवा' असे निरोप नंतरही फिरत राहिले. निरोप कधीचा, हेच त्यावर नसतं. अशा निरोपापायी होडी रिकाम्या घराकडे गेली, तर गच्चीवर खरोखर अडकलेला ताटकळतो.

लांब बसून काय करता येतं ते कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशाच्या लोकांनी दाखवलं आहे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर तिथे ४६३६ या क्रमांकावर फुकट एसएमएस करता येत होता. निरोप यायचे हैतियन क्रिओलमध्ये, आणि बाहेरून आलेल्या बहुतेक पथकांना ती भाषा येत नव्हती. देशोदेशी पांगलेल्या हैतीच्या माणसांनी घरबसल्या ते इंग्रजीत आणले, आणि गल्ल्या माहीत असल्यामुळे ठिकाणंही शोधून दिली. त्याच सुमारास जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं पाहून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरच्या नकाशावर, राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्सचे रस्ते भरले. त्याआधी तो नकाशा जवळजवळ कोराच होता. भाषा, गावाची ओळख, आणि तिकडे मध्यरात्र असताना आपण जागे असणं, एवढीच आपली पुंजी. ती ढकलाढकलीत कशाला घालवायची?

म्हणून एकच सामायिक तक्ता ठेवू. मूळ निरोपाची वेळ, नकाशावरचं ठिकाण, माणसं किती, आजारी किंवा म्हातारं कोणी आहे का, आणि शेवटचा रकाना 'सुटका झाली का'. खरं काम त्या शेवटच्या रकान्याचं आहे. नोंद ज्याने केली त्यानेच ती बंद करायची, आणि निरोप जिथे जिथे टाकला असेल तिथून काढायचाही. अडकलेल्या माणसाशी एकानेच बोलायचं, तेही आधी एसएमएसने. मोबाइलचं जाळं कोंडलं की कॉल लागत नाही, पण एसएमएस उशिरा का होईना बहुधा पोचतो आणि समोरच्याची बॅटरी वाचते. दहा जणांनी काळजीपोटी फोन केले की त्या बिचाऱ्याचा फोनच बंद पडायचा!

प्रेषक: अनिरुद्ध (खजिनदार)

मेधा, तक्ता पटला. पण तुम्ही खातरजमा करत बसलात आणि तोवर पाणी छातीपर्यंत आलं तर? दुसरं, फोटो मात्र टाकावेच लागतात. फोटो दिसल्याशिवाय कुणाचा हात खिशाकडे जात नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

प्रेषक: मेधा

काका, जिवावरचं असेल तर थांबायचं नाहीच. त्या क्षणी तिथल्या नियंत्रण कक्षाला कळवायचं, आणि खात्री झालेली नाही हे स्पष्ट सांगायचं. खातरजमेची अट जाहीर टाकण्यापुरती. पत्ते आणि फोन नंबर तर जाहीर कधीच नकोत. रिकामं घर कुठलं हे चोरालाही कळतं.

फोटोंचं म्हणाल तर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी वादळात पाण्याने भरलेल्या रस्त्यावर पोहणाऱ्या शार्कचे खोटे फोटो भल्याभल्यांनी पसरवले होते. मदतीच्या आवाहनाखाली असा एक फोटो गेला की पुढच्या वेळी खरं आवाहनही लोक उघडणार नाहीत. उलटा शोध घेऊन, म्हणजे तो फोटोच इंटरनेटच्या शोधात टाकून, तो आधी कुठे छापून आलाय का ते बघायचं, मग टाकायचा. आणि त्यात कुणाचा चेहरा असेल तर त्याची परवानगी हवी. पैसे थोडे कमी आले तरी चालतील.

प्रेषक: अनिरुद्ध

चेहऱ्याचं मान्य. पैसे कमी आले तर चालतील, हे मान्य नाही! त्यावर बैठकीत बोलू.

प्रेषक: मंदार

ठीक आहे. गटात फक्त पाळीवरची माणसं राहतील, बाकीच्यांना तक्ता नुसता वाचता येईल. नोंदी बंद करायचं काम मेधाताई बघतील. तिकडच्या रात्रीच्या पाळीला अजून दोघे हवेत, त्यातला एक नकाशा वाचता येणारा. नावं मला थेट पाठवा, सगळ्या यादीला उत्तर देऊ नका.