सिम्युलेशन: तालीम की सोंग?

विचारणा:
अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक टिपण मराठीत आणतेय. आशय असा, की ज्या सॉफ्टवेअरच्या चुकीने जीव जाऊ शकतो, ते कसं वागेल हे सिम्युलेशनने आधीच ताडावं. ‘सिम्युलेशन’ला काय लिहू? ‘सदृशीकरण’ लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि मलाच हसू आलं. ‘प्रेडिक्ट’ला ‘भाकीत’ चालेल का?

प्रतिसाद:
‘प्रतिरूपण’ घ्या.

प्रतिसाद:
प्रतिरूप म्हणजे मॉडेल. ते तयार करणं वेगळं, चालवून बघणं वेगळं. सिम्युलेशन हे दुसरं. मी तरी ‘रंगीत तालीम’ म्हणेन, शेंबड्या पोरालाही कळतं.

प्रतिसाद:
रंगीत तालमीत नट खरे, कपडे खरे, दिवेही खरे. फक्त तिकीट काढून आलेला प्रेक्षक नसतो. सिम्युलेशनमध्ये खरं काय नि बदली काय, इथेच तर सगळी गोम आहे.

एरियान ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण घ्या. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कुरू. सदतिसाव्या सेकंदाच्या आसपास रॉकेट भरकटलं, मोडलं आणि स्वतःला उडवून मोकळं झालं. वर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते. दिशा आणि वेग सांगणारं उपकरण आधीच्या एरियान ४ रॉकेटवरून उचललेलं. त्यातला आडव्या वेगाशी निगडित एक आकडा ६४ बिटांतून १६ बिटांत कोंबायचा होता. तिथे ३२,७६७ च्या वर जागाच नाही. एरियान ५ चा आडवा वेग एरियान ४ च्या पाचपट झपाट्याने वाढायचा, त्यामुळे आकडा मावेना. राखीव उपकरण आधीच बंद पडलेलं, कारण त्यातही तेच सॉफ्टवेअर! मग मुख्य उपकरणाने ‘माझं बिघडलंय’ अशा अर्थाचा संदेश धाडला आणि उड्डाण-संगणकाने तो उड्डाणाची माहिती म्हणून वाचला. गंमत म्हणजे हिशेबाचा तो भाग उड्डाणाआधीच्या जुळणीसाठी होता. रॉकेट वर गेल्यावर एरियान ५ ला त्याचा काही उपयोगच नव्हता.

आता तालमीकडे या. जमिनीवर पूर्ण यंत्रणेची सिम्युलेशनं झाली होती, पण त्यांत हे उपकरण नव्हतं. त्याच्या जागी त्याचं काम करून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलेलं. म्हणजे नायकाच्या जागी प्रॉम्प्टरने संवाद वाचले. नायकाचा घसा बसलाय हे कळणार कसं? अपघातानंतर खऱ्या मार्गाचे आकडे घालून सिम्युलेशन केलं, तेव्हा मात्र घटना जशीच्या तशी घडून दिसली.

म्हणून माझं मत ‘सोंग’. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. कशाचं सोंग आणलंय हे विचारायची सवय त्या शब्दातच आहे.

प्रतिसाद:
पटलं, पण ‘सोंग’ पाठ्यपुस्तकात छापणार कोण?

विचारणारी:
छापणार नाहीच. पण खरी उपकरणं जोडलेली असतील तिथे ‘रंगीत तालीम’ आणि सगळंच संगणकात असेल तिथे ‘आभासी चाचणी’, असा भेद केला तर?

प्रतिसाद:
उत्तम. फक्त काय आभासी आहे ते प्रत्येक वेळी लिहा.

प्रतिसाद:
‘भाकीत’ राहून गेलं. ते कुडमुड्या जोशाकडे असू द्या. हवामान खातं पाऊस ‘वर्तवतं’, तोच शब्द घ्या. शिवाय ‘वर्तन’ आणि ‘वर्तवणे’ एकाच धातूचे.

प्रतिसाद:
सॉफ्टवेअरला मात्र ‘वर्तणूक’ नको. शाळा सोडल्याचा दाखला आठवतो, ‘वर्तणूक: चांगली’.

प्रतिसाद:
त्या उपकरणाला एरियान ४ ने तोच दाखला दिला होता की!

विचारणारी:
वाक्य असं केलं: ‘यंत्रणेचं वर्तन आभासी चाचणीवरून वर्तवता येतं, पण चाचणीत जे भाग खरे नव्हते त्यांच्याबद्दल ती काही सांगत नाही.’ आता ‘सिम्युलेटर’ला काय?

प्रतिसाद:
सिम्युलेटर.