एकटाच धावला तरी पदक?

मास्टर्स म्हणजे पस्तिशीपुढच्यांच्या मैदानी स्पर्धा. त्यांत नव्वदीपुढच्या गटात स्पर्धकच नसतात, मग त्या सुवर्णपदकाला काय अर्थ, असं कुणी कुणी विचारतं. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. २०१७ साली ऑकलंडला १०१ वर्षांच्या मन कौर १०० मीटर धावल्या तेव्हा त्यांच्या गटात त्या एकट्याच होत्या. वेळ १ मिनिट १४ सेकंद. पण बाईंनी धावायला सुरुवातच केली होती ९३ व्या वर्षी! आणि २०२२ मध्ये फिनलंडला ९४ वर्षांच्या भगवानी देवींनी तेच अंतर २४.७४ सेकंदांत कापलं. आपण चाळिशीतले किती जण ठाणे स्टेशनचा जिना न थांबता चढतो?

मास्टर्समध्ये पस्तिशीपासून दर पाच वर्षांना गट बदलतो. त्यामुळे वाढदिवसाची खरी ओढ या मंडळींनाच. आमचे सासरे सध्या ७९ चे. रोज पहाटे तलावपाळीला फेऱ्या मारतात आणि ऐंशी कधी लागतात याची वाट बघतात, कारण तेव्हा गोळाफेकीतला गोळा ४ किलोचा ३ किलोचा होतो. सासूबाई म्हणतात, "घरी पाच किलोची पिशवी उचलताना मात्र यांची पाठ धरते."