पूर्वसूचन: दोघांना आधीच कळलं, तिसरीला पत्ताच नाही

गोदाकाठ_४२
दिवाळी अंकासाठी ३,५०० शब्दांची कथा आहे. जागा नाशिक, सराफ बाजारातली जुनी पेढी, निवेदन सुनेच्या नजरेतून. शेवटी पूर येतो, पाणी चढत असताना सासरे गहाणवही काढायला आत जातात आणि परत येत नाहीत. चाहूल चार ठिकाणी दिली आहे: भिंतीवरची मागच्या पुराची खूण, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागल्याची बातमी, मग कमरेला, आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी 'उद्या काय वाढून ठेवलंय याची तिला कल्पना नव्हती' हे वाक्य. खर्डा तिघांनी वाचला. दोघं म्हणतात शेवट निम्म्यातच कळला. तिसरी म्हणते पूर कुठून उपटला तेच कळलं नाही, आणि म्हातारा आत का गेला हेही नाही. आता सूचना वाढवू की काढू?

शाईचा_डाग
तुम्ही चारही सूचना नदीच्या दिल्यात, म्हाताऱ्याची एकही नाही. पूर येणं ही घटना आहे, आत जाणं हा निर्णय. घटनेला एखादी चाहूल पुरते. निर्णयाला स्वभावाची पेरणी लागते, नाहीतर शेवटी लेखकानेच त्याला आत ढकलल्यासारखं वाटतं.

ही पेरणी दोनदा करा. पहिली सुरुवातीच्या ६००-७०० शब्दांत: कुणी म्हातारी बऱ्याच वर्षांनी पाटल्या सोडवायला येते, पावती हरवलेली, आणि सासरे वहीची पानं उलटत तिची नोंद काढून देतात. वही गेली तर कोणाचं काय गहाण आहे याचा पुरावा गेला, एवढं वाचकाला इथे समजतं. त्यावर भाष्य नको. दुसरी मध्यावर, आणि ती भांडणाच्या आत. पेढी विकायची की नाही यावर मुलगा आवाज चढवतोय, सून घाईत चहाचा कप वहीवर ठेवते, सासरे बोलता बोलता कप उचलतात, उपरण्याने पुठ्ठा पुसतात आणि वाद चालूच राहतो. वाचकाचं लक्ष विक्रीवर असतं, हात मात्र त्याने पाहिलेला असतो.

लपवण्याची युक्ती एवढीच: सूचनेला त्या जागी दुसरं काहीतरी काम हवं. हसवणं, भांडण पुढे नेणं, ग्राहकाची ओळख करून देणं, काहीही. जिला दुसरं कामच नाही ती सूचना लगेच उघडी पडते. भिंतीवरच्या खुणेचं नेमकं तेच झालंय.

जागाही बघा. परिच्छेदाचं शेवटचं वाक्य सगळ्यात मोठ्याने ऐकू येतं, प्रसंगाचं शेवटचं त्याहून मोठ्याने. तिथे सूचना ठेवू नका. तीन वस्तूंची यादी असेल तर कामाची वस्तू मधे: 'चष्मा, वही, किल्ल्यांचा जुडगा'. आणि ते 'वाढून ठेवलंय' काढाच. नजर सुनेची आहे. तिला कल्पना नाही, मग हे बोलतंय कोण?

पंचवटी_पलीकडे
वरचं सगळं मान्य. पण एक विचारायचंय: ते तीन वाचक कुठले? नाशिककराला 'मारुतीच्या कमरेला पाणी' म्हटलं की पुराची पातळी आपोआप कळते, इथे पूर मोजायची पट्टीच ती. बाहेरच्याला ते नुसतं देवळाचं वर्णन. एकाच वाक्याचं वजन दोघांना वेगळं.

उपाय: पट्टी एकदाच, पाणी नसताना आणि थट्टेत शिकवा. उन्हाळ्यातला प्रसंग घ्या, गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) गेलेल्या नातवाला आजोबा सांगतात की मारुतीच्या छातीला पाणी लागलं की शाळेला सुट्टी. झालं. नंतर गुडघा आणि कमर दोन्ही नकोत, एकच पायरी ठेवा आणि मधली गाळा. वाचक मधलं अंतर स्वतः भरतो, त्याची धास्ती जास्त.

शिवाय नाशकात पूर न सांगता येत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की काठावर इशारा जातो, घाटावरच्या टपऱ्या हलतात. तुमच्या कथेत टपऱ्या जागच्या जागी आहेत, म्हणून पूर उपटल्यासारखा वाटतो. टपरी हलवणारा एक माणूस दाखवा, तोही उधारी मागायला आलेला. पाऊस नदीच्या उगमाकडे, त्र्यंबकला पाडा, शहरात नुसती भुरभुर ठेवा.

नांदी
लपवण्यावरच एवढा भर कशाला? आपल्याकडे याचा जुना विचार आहे. नाट्यशास्त्रात 'पताकास्थानक' म्हणतात: बोलणाऱ्याच्या मनात एक अर्थ, प्रसंग दुसऱ्याच अर्थाकडे बोट दाखवतो. 'वेणीसंहार' या संस्कृत नाटकाच्या दुसऱ्या अंकात दुर्योधन भानुमतीला आपल्या मांड्यांवर बसायला सांगतो, तेवढ्यात कंचुकी (अंतःपुरातला सेवक) येतो: मोडलं, मोडलं! कोणी? भीमाने. 'भीम' म्हणजे इथे भयंकर वारा, मोडलाय तो रथावरचा ध्वज. पण पुढे भीम मांडी फोडणार हे प्रेक्षकाला महाभारतातून ठाऊकच आहे. म्हणजे शेवट माहीत असूनही सूचना चालते, तेव्हा ती 'काय होणार'ची नसते, 'कसं टळत नाही'ची असते. तुमच्या दोघांना शेवट कळला, तरी त्यांनी वाचायचं सोडलं का, ते विचारा.

शाईचा_डाग
@नांदी, उदाहरण चपखल, पण तिथे प्रेक्षक गोष्ट घेऊनच आलेला असतो. दिवाळी अंकाचा वाचक कोरा येतो. त्याला तसं आधी कळवायचं असेल तर पहिल्याच ओळीत सांगून टाका: 'सासरे गेले त्या पावसाळ्यात...' तेही चालतं. अर्धवट लपवलेलं मात्र चालत नाही.

पुढच्या खर्ड्याची चाचणी: नव्या वाचकाला २,३०० शब्दांवर थांबवा आणि 'पुढे काय होईल' ऐवजी 'तुला कशाची काळजी वाटते' असं विचारा. 'म्हाताऱ्याची' आलं तर बरोबर. 'म्हातारा बुडणार' आलं तर एक सूचना कमी करा. 'पेढी विकतील का' एवढंच आलं तर कपाचा प्रसंग फिका पडलाय. आणि शेवटच्या ५०० शब्दांत नवी सूचना नको, तिथे ती खुलासा वाटते.

गोदाकाठ_४२
@पंचवटी_पलीकडे, विचारलं. पहिले दोघं रविवार कारंजा आणि मखमलाबादचे, म्हणजे नाशिकचेच, तिसरी लातूरची. भिंतीवरची खूण काढली. उन्हाळा घातला तर ४०० शब्द वाढतात, अंकाची मर्यादा ३,५०० आहे. मुलाचा मुंबईचा प्रसंग कापावा लागेल.

पंचवटी_पलीकडे
कापा. त्या प्रसंगात वही नाही.