सिनियर क्लिनिकल पोस्टसाठी सिस्टर निवडताना नेमकं काय बघायचं?

नाईट_इन्चार्ज
आयसीयूत सिनियर क्लिनिकल नर्सची (म्हणजे थेट पेशंटची देखभाल करणारी) एक जागा भरायचीय आणि निवड समितीत मला घेतलंय. अर्ज बरेच आलेत पण खरी चुरस दोघींत आहे. एकीची सर्व्हिस भरपूर, सगळ्यांना सांभाळून घेणारी, रेकॉर्ड चोख. दुसरी बरीच ज्युनियर, पण पेशंट बिघडायला लागला की सगळ्यांच्या आधी तिला कळतं आणि अपरात्री डॉक्टरांना फोन करायला ती कचरत नाही. फक्त बोलते कमी, मुलाखतीत मागे पडेल अशी भीती वाटते. सिनियॉरिटी डावलली तर स्टाफ नाराज, नाही डावलली तर हिच्यावर अन्याय. काय करावं?

जुनी_मेट्रन
सर्व्हिसची किमान अट ठेवा, त्यापुढे वर्षांना मार्क नकोत. अमेरिकेतल्या नर्सिंग अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८० च्या दशकात नर्सच्या तयारीच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिकी ते तज्ज्ञ, आणि त्यांच्या मते अनुभव म्हणजे नुसती सरलेली वर्षं नव्हेत, पेशंट बघून आपली समज बदलत गेली पाहिजे. आणि हो, ड्युटी लावणं, स्टॉक बघणं यात हुशार असणं हे इन्चार्जसाठी ठीक, क्लिनिकल जागेला ते लावू नका.

सिम्युलेशन_लॅब
मुलाखतीत "तुमची बलस्थानं सांगा" वगैरे विचारूच नका, केस द्या. उदा. पोटाचं ऑपरेशन होऊन आलेला पेशंट, बीपी ११२/७०, पण पल्स ९० वरून ११८ वर गेलीय, श्वास मिनिटाला २४, लघवी कमी झालीय आणि तो सारखा चुळबूळ करतोय. बीपी बरा दिसतो म्हणून थांबणारी कोण आणि आतून रक्तस्राव असेल म्हणून ड्रेन (ऑपरेशनच्या जागी लावलेली नळी), ड्रेसिंग, पोट बघून लगेच कळवणारी कोण, ते तिथंच दिसतं. मग विचारा, डॉक्टर म्हणाले सकाळी बघू, आता काय कराल? इथं मितभाषी माणूसही बरोबर बोलतो. सगळ्यांना तीच केस, तेच प्रश्न, मार्कांचा तक्ता आधीच तयार, आणि परीक्षकांनी मार्क आपापले लिहून झाल्यावरच चर्चा करायची, नाहीतर समितीतला मोठा माणूस बोलला की बाकीचे त्याच्याच मागे जातात.

स्टाफनर्स_आयसीयू
मी दोनदा डावलली गेलेय म्हणून सांगते, नाव लागलं नाही याचं दुःख कमी असतं, का लागलं नाही हे कुणी सांगत नाही त्याचं जास्त. निकष अर्ज मागवतानाच बोर्डावर लावा आणि जिची निवड होणार नाही तिला बसवून नेमकं सांगा कुठं कमी पडली, पुढच्या वेळेला काय करायचं. शिवाय दोघींचा हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं, एकदा उभं राहून ऐका, आणि नव्या मुलींना विचारा की अडलं तर कुणाकडे जाता. मॅडम, हे उत्तर फार खरं असतं.

नाईट_इन्चार्ज
खूप आभार सगळ्यांचे. हँडओव्हर उद्यापासूनच ऐकते. केस आमच्याच जुन्या पेशंटवरून घेतली तर चालेल का, की दोघींपैकी कुणीतरी ती ओळखेल?

सिम्युलेशन_लॅब
ओळखतील, नवीन बनवा. आणि दुसऱ्या युनिटचा एक परीक्षक नक्की घ्या.